समासाचें स्तोम

इंग्रजींत कादंबरी लिहून ती लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या एजंटाकडे पाठविण्याची आकांक्षा बाळगणारीं तरुण मुलेंमुली आतां आमच्या मध्यम वर्गांतील घरोघरीं आढळूं लागलीं आहेत. या आकांक्षेंत वावगें असें कांहींच नाहीं. दीडशें वर्षें ज्या भाषेंत आम्हीं परीक्षा दिल्या, अर्ज केले आणि कोर्टांत भांडलों, त्या भाषेंत आमच्या मुलांनीं कथा लिहिल्या, तर त्यांना नांवें ठेवण्याचा अधिकार निदान इंग्रजीच्या प्राध्यापकाला तरी नाहीं. परंतु या मंडळींची सारी चिंता ज्या एका गोष्टीवर खर्च होतांना दिसते, ती पाहून हांसावें कीं रडावें हेंच कळेनासें होतें. ती गोष्ट म्हणजे कथानक नव्हे, स्वभावचित्रण नव्हे, भाषाहि नव्हे. ती म्हणजे पानाची मांडणी. अक्षर टाइम्स न्यू रोमन घ्यावें कीं कूरियर? त्याचा आकार बारा पॉइंटांचा. तो साडेअकरा झाला तर चालेल काय? ओळींतील अंतर दुहेरी. समास चारी बाजूंनीं एक इंच. परिच्छेदाची पहिली ओळ अर्धा इंच आंत. प्रत्येक पानाच्या माथ्यावर लेखकाचें आडनांव, ग्रंथाचें नांव आणि पृष्ठांक. पहिल्या पानावर शब्दसंख्या, तीहि पूर्णांकांत. प्रत्येक प्रकरण नव्या पानावर, आणि तेंहि पानाचा वरचा तिसरा हिस्सा कोरा सोडून. हे सर्व नियम संध्येंतील चोवीस नांवांप्रमाणें मुखोद्गत असलेला, पण ‘तुझ्या नायिकेनें घर कां सोडलें?’ असें विचारतांच गोंधळून जाणारा कादंबरीकार आम्हीं पाहिला आहे.

या विद्येचे उपाध्येहि निघाले आहेत, आणि ते दक्षिणा घेतात. त्यांचा सिद्धान्त असा कीं, मांडणी चुकली कीं एजंट पहिल्याच पानावर हस्तलिखित बाजूस टाकतो. सबब मांडणी साधली कीं अर्धें काम झालें. यांतील पूर्वार्ध कांहींसा खरा आहे. उत्तरार्ध सर्वथा खोटा आहे. आणि या दोहोंची गल्लत होऊन आमच्या लेखकांचें जें नुकसान होत आहे, तें दाखविण्यासाठीं हा लेखनप्रपंच.

प्रथम नियमांच्या बाजूनें जें बोलावयाचें तें बोलून टाकूं. कारण तें थोडें नाहीं. हे नियम कोणा एजंटाच्या लहरींतून जन्मास आलेले नाहींत. ते छापखान्यांतून आले. अमेरिकेंत रेमिंग्टन कंपनीनें १८७४ सालापासून टाइपरायटर विकावयास काढले, आणि मार्क ट्वेन याचें १८८३ सालीं निघालेलें ‘लाइफ ऑन द मिसिसिपी’ हें पुस्तक टाइप केलेल्या प्रतीवरून छापलेलें पहिलें साहित्यिक पुस्तक समजलें जातें. त्यापूर्वीं लेखकाचें बरेंवाईट अक्षर लावण्याचें पाप जुळाऱ्याच्या माथीं असे. टाइपरायटरवर प्रत्येक अक्षराला सारखीच जागा मिळे. पायका अक्षराचीं दहा अक्षरें बरोबर एका इंचांत बसत. समास एक इंच सोडला कीं ओळींत सुमारें दहा शब्द, दुहेरी अंतरानें पानांत सुमारें पंचवीस ओळी, म्हणजे पानामागें अडीचशें शब्द. हस्तलिखिताची जाडी पाहूनच ग्रंथ किती पानांचा होईल आणि त्याला कागद किती लागेल, याचा अंदाज प्रकाशकाला बांधतां येई. दोन ओळींमधील मोकळी जागा संपादकाच्या लेखणीसाठीं. मजकूर कागदाच्या एकाच बाजूस, कारण एका ग्रंथाचे कागद कित्येकदां निरनिराळ्या जुळाऱ्यांत वांटून दिले जात. माथ्यावर नांव आणि पृष्ठांक, कारण असे वांटलेले कागद कोठें ना कोठें घसरून पडणारच. शब्दाखालीं रेघ म्हणजे ‘येथें तिरपीं अक्षरें लावावींत’ अशी सूचना. यांतील एकहि नियम निष्कारण नाहीं, आणि प्रत्येकाच्या मुळाशीं कोणा तरी कष्टकऱ्याच्या डोळ्यांची काळजी आहे.

आणि ही बुद्धि केवळ विलायतेची नव्हे. दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिलाच समास लेखनक्रियेवर आहे. ज्या ग्रंथांत प्रकरणाला समास म्हणतात, त्यांतच समास सोडण्याचा उपदेश यावा, ही योगायोगाची गंमत असो. पण समर्थांनीं दिलेलें कारण पाहण्यासारखें आहे. कागदाच्या कडा काळानें झडणारच. तेव्हां भोंवतीं जागा सोडून मधोमध लिहावें, म्हणजे कागद झडला तरी अक्षर झडणार नाहीं. ग्रंथाच्या आरंभीं जसें अक्षर, तसेंच तें अखेरपर्यंत राहावें, एकाच टांकानें सारा ग्रंथ उतरला असें वाटावें, हाहि त्यांचा आग्रह आहे. याला आम्ही मांडणीचें खरें शास्त्र म्हणतों: कारण सांगतें, आणि कारण सांगून थांबतें.

म्हणून ‘प्रतिभेला समास कशाला?’ असें म्हणणाऱ्या बंडखोरांशींहि आमचें जमत नाहीं. हे लोक नेहमीं जॅक केरुआकचें उदाहरण देतात. त्यानें ‘ऑन द रोड’ ही कादंबरी १९५१ च्या एप्रिलांत तीन आठवड्यांत, कागद एकमेकांस जोडून केलेल्या सुमारें १२० फूट लांबीच्या एकाच गुंडाळीवर टाइप केली. परिच्छेद पाडण्यासहि तो थांबला नाहीं. कथा मोठी रोमहर्षक आहे. पण तिचा पुढील भाग बंडखोर सांगत नाहींत: ती कादंबरी छापून निघावयास १९५७ साल उजाडलें, आणि मधल्या काळांत त्या गृहस्थाला ती चारचौघांसारख्या सुट्या कागदांवर पुन्हां टाइप करून फिरफिरून सुधारावी लागली. गुंडाळी आज कांचेच्या पेटींत शोभते. छापखान्यांत ती गेली नाहीं.

येथवर आम्ही उपाध्यायांच्याच पंक्तीला बसलों आहों असें वाचकांस वाटेल. आतां पंक्ति सोडतों. आज जुळारी नाहीं, खिळेहि नाहींत. लेखकाच्या संगणकावरचीच प्रत एजंटाकडे आणि तेथून प्रकाशकाकडे जाते; दुहेरी अंतर एकेरी करावयास एक कळ पुरते; शब्द मोजण्याचें काम यंत्र निमिषांत करतें. एजंट पुष्कळदां पडद्यावर किंवा हातांतल्या वाचनयंत्रावर वाचतो, आणि तेथें अक्षर आपल्या डोळ्यांच्या सोयीनें लहानमोठें करून घेतो. कित्येक एजंट तर पहिलीं पांच-दहा पानें पत्राच्या खालींच किंवा अर्जाच्या चौकटींत चिकटवावयास सांगतात. तेथें तीं चिकटवितांच समास, माथ्यावरील ओळ, आंत घेतलेले परिच्छेद हें सगळें बहुधा विस्कटून जातें. संपादकाला अजूनहि मोकळें अंतर आवडतें हें खरें; पण आवड निराळी आणि अट निराळी. टाइम्स न्यू रोमन हें अक्षर लंडनच्या ‘टाइम्स’नें १९३२ सालीं स्वतःसाठीं घडवून घेतलें, आणि तें घडवितांना वर्तमानपत्राच्या अरुंद रकान्यांतली जागा वांचविण्याकडे लक्ष होतें. कूरियर हें १९५० नंतरच्या दशकांत आय. बी. एम. कंपनीच्या टाइपरायटरसाठीं काढलें गेलें. असल्या दोन अक्षरांपैकीं एकांत कादंबरी पवित्र आणि तिसऱ्यांत ओवळी, हा निवाडा कोणत्या स्मृतींत सांपडतो? नियमाचें कारण गेलें म्हणजे नियम जातोच असें नाहीं. पुष्कळदां तो सोवळ्यांत शिरतो, आणि मग पूर्वींपेक्षां अधिक कडक होतो. आमच्या घरांतील वडील माणसांना हें सांगावयास नको.

तरी एवढ्यावरच गोष्ट थांबती, तर आम्हीं हा लेख लिहिला नसता. बारा पॉइंटांनीं कोणाचें वाङ्मय बुडत नाहीं. आमची तक्रार निराळी आहे. पानाच्या मांडणीची ही संवय लागलेलें मन पुढें ग्रंथाच्या मांडणीलाहि तोच न्याय लावतें, आणि नियम कागदावरून मजकुरांत उतरतो. तो कसा उतरला हें समजण्यासाठीं एजंट या संस्थेचा थोडा पूर्वेतिहास पाहिला पाहिजे. (त्याला आमच्या भाषेंत नांव नाहीं. दलाल म्हणावें तर अपमान, मुखत्यार म्हणावें तर अतिमान. म्हणून एजंटच म्हणूं.)

लंडनमध्यें ए. पी. वॉट या स्कॉटलंडच्या गृहस्थानें १८७५ च्या सुमारास हा धंदा प्रथम रीतसर मांडला. लेखकाच्या वतीनें प्रकाशकाशीं भाव करावयाचा, आणि मिळेल त्यांतील दहावा हिस्सा घ्यावयाचा. प्रकाशकांना हा मध्यस्थ इतका खुपला कीं, १८९३ सालीं विल्यम हाइनमन या नामांकित प्रकाशकानें त्याच्यावर वर्तमानपत्रांतून उघड हल्ला चढविला. हाइनमनचा राग हेंच आमच्या मतें एजंटाचें उत्तम प्रशस्तिपत्र होय. पुढें १८९६ सालीं जे. बी. पिंकर यानें आपलें दुकान थाटलें, आणि कॉनरॅडसारख्या कर्जबाजारी, रेंगाळणाऱ्या, दिलेली मुदत कधींहि न पाळणाऱ्या लेखकाला वर्षानुवर्षें पैसे आगाऊ देऊन पोसलें. तेव्हांचा एजंट हा लेखकाचा वकील होता. आज त्याचा हिस्सा देशांतील विक्रीवर बहुधा शेंकडा पंधरा झाला आहे, त्याबद्दल आमचें म्हणणें नाहीं. प्रामाणिक एजंट पुस्तक विकल्याखेरीज पैसा घेत नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. पण लंडन-न्यूयॉर्कच्या बहुतेक मोठ्या प्रकाशनसंस्था एजंटाच्या हातून न आलेलें हस्तलिखित आतां घेतच नाहींत. वकील होता तो पहारेकरी झाला. आणि दारावर गर्दी झाली कीं पहारेकऱ्याला माणसें ओळखतां येत नाहींत. तो परवाने पाहतो.

हे परवाने कोणते? पहिली कादंबरी ऐंशी हजार ते एक लक्ष शब्दांची असावी. सर्व कथेचा सारांश एका पानांत, शेवटासुद्धां, यावा. गेल्या चार-पांच वर्षांत निघालेल्या दोन पुस्तकांचीं नांवें द्यावींत, आणि आपलें पुस्तक त्यांच्यासारखें आहे असें म्हणावें. मात्र फार सारखें नसावें. पहिल्या पांच पानांत, कोणी म्हणतात पहिल्या वाक्यांत, वाचकाचा गळा धरावा. आतां हे नियम आणि एक इंचाचा समास यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. समास सोडल्यानें नायिकेचा स्वभाव बदलत नाहीं. पण वादळ दहाव्या प्रकरणांत यावयाचें तें पहिल्या पानावर आणलें कीं, नायिका बदलते, घर बदलतें, आणि वादळाचेंहि नुसतें पावसाळी हवामान होतें. असें असूनहि हे दोन्ही प्रकार एकाच पुस्तिकेंत, एकाच आज्ञार्थी सुरांत, एकाखालीं एक शिकविले जातात. गोंधळ आहे तो येथें.

धंद्याची मांडणी कलेंत घुसल्याचें हें पहिलेंच उदाहरण नव्हे. एकोणिसाव्या शतकांत इंग्रजी कादंबरी तीन खंडांतच निघे, किंमत एकतीस शिलिंग सहा पेन्स. एवढें मोल देऊन सामान्य कुटुंब ती विकत घेत नसे. मूडीच्या फिरत्या वाचनालयाची वर्षाची एक गिनी वर्गणी भरून एकेक खंड घरीं आणी. एक कादंबरी एकाच वेळीं तीन घरीं देतां येई, म्हणून वाचनालयाला तीन खंड प्रिय, वाचनालय शेंकड्यांनीं प्रती घेई, म्हणून प्रकाशकाला प्रिय, आणि लेखकाला? जॉर्ज गिसिंगनें ‘न्यू ग्रब स्ट्रीट’ मध्यें तिसरा खंड भरतांना झिजून गेलेला रीअर्डन नांवाचा कादंबरीकार रंगविला आहे, तो ज्यानें वाचला त्याला निराळें उत्तर नको. ती कादंबरीहि १८९१ सालीं तीन खंडांतच निघाली, हा दैवाचा विनोद. आणि मग काय झालें? १८९४ सालीं खुद्द वाचनालयांनाच तीन खंडांचा जाच वाटूं लागला, त्यांनीं अटी बदलल्या, आणि दोन-चार वर्षांत ती त्रिखंडी कादंबरी नाहींशी झाली. कलेचा शाश्वत नियम म्हणून जो सांगितला जात होता, तो कपाटांच्या आणि वर्गणीच्या हिशेबाचा नियम होता. आजची ऐंशी हजार शब्दांची मर्यादाहि याच जातीची आहे. कागद, बांधणी, किंमत यांच्या हिशेबानें तिला अर्थ असेल. जॉर्ज इलियटच्या ‘मिडलमार्च’ची शब्दसंख्या तीन लक्षांवर आहे, हें तिच्यावर उत्तर नव्हे हेंहि आम्ही जाणतों. आमचें म्हणणें इतकेंच कीं, हिशेबाला हिशेब म्हणावें.

पहिल्या पांच पानांची गोष्ट मात्र याहून गंभीर आहे. सॉल्सबरी येथील एका शाळेंतील शिक्षकाचें हस्तलिखित १९५३ सालीं फेबर या प्रकाशनसंस्थेंत येऊन पडलें. कित्येक प्रकाशकांकडून तें परत आलेलें. कागद पिवळे पडलेले, कोपरे दुमडलेले, हातोहातीं मळलेले. संस्थेच्या परीक्षकानें तें टाकाऊ ठरविलें. त्याच्या आरंभीं अणुयुद्धाचें लांबलचक वर्णन होतें, आणि तें खरोखरीच रटाळ होतें असें म्हणतात. चार्ल्स मॉन्टीथ या नव्यानेंच रुजू झालेल्या संपादकानें तें उचललें, आरंभ ओलांडून तो पुढें गेला, आणि निर्जन बेटावरील त्या मुलांपाशीं पोंचतांच त्याला तें खालीं ठेववेना. आरंभ कापला गेला, नांव बदललें, आणि १९५४ सालीं विल्यम गोल्डिंगची ‘लॉर्ड ऑफ द फ्लाइज’ प्रसिद्ध झाली. गोल्डिंगला १९८३ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. आजच्या परवानापद्धतींत हें पुस्तक दोनदां मेलें असतें: एकदां मळक्या कागदानें, आणि दुसऱ्यांदा पहिल्या पांच पानांनीं.

दुसरें उदाहरण याहून करुण आहे. जॉन केनेडी टूल हा अमेरिकन लेखक १९६९ सालीं आपल्याच हातानें जीव देऊन गेला; मागें राहिली एका कादंबरीची कार्बनची प्रत. त्याची वृद्ध आई ती प्रत घेऊन प्रकाशकांचे उंबरे झिजवीत राहिली, आणि १९७६ सालीं वॉकर पर्सी या कादंबरीकाराच्या दारांत जाऊन बसली. पर्सीनें नाइलाजानें ती पुसट, डागाळलेली प्रत हातांत घेतली, लवकर वाईट ठरावी म्हणजे सुटका होईल अशा आशेनें. आणि वाचीतच राहिला. ‘अ कॉन्फेडरसी ऑफ डन्सेस’ १९८० सालीं एका विद्यापीठाच्या छापखान्यांतून निघाली, आणि पुढल्याच वर्षीं तिला पुलित्झर पारितोषिक मिळालें. आम्ही मळकें हस्तलिखित पाठवा असें सांगत नाहीं. तें पाठविणें असभ्यपणाचें आहे. परंतु या दोन्ही ठिकाणीं पुस्तक वांचलें तें मांडणीनें नव्हे, आरंभानें नव्हे, तर पानामागून पान उलटीत बसण्याची लाज न वाटणाऱ्या एका माणसानें.

यावर उत्तर येईल कीं, एजंटाला वेळ कोठें आहे? पत्रांचा ढीग रोज वाढतो. वाचण्याबद्दल त्याला कोणी कवडी देत नाहीं. विकलें तरच पंधरा टक्के. उत्तर रास्त आहे. बाजारांतील अडत्यानें मूठभर दाणे पाहून पोत्याचा भाव करावा, यांत अन्याय नाहीं. पण अडत्या म्हणत नाहीं कीं, मीं शेतकऱ्याच्या जमिनीचा कस पारखला. एजंटाचें ‘नको’ हें वेळेच्या टंचाईंतून निघालेलें ‘नको’ आहे. त्याला वाङ्मयीन निवाड्याचें मोल आम्ही देतों, आमचीं मुलें देतात, आणि उपाध्ये तर त्यावरच घर चालवितात. घरांतील कर्तीं माणसेंहि यांत मागें नाहींत. मुलानें तीन वर्षें खपून लिहिलेलें एक पानहि ज्यांनीं चाळलेलें नसतें, ते वडील ‘कोणत्या एजंटानें घेतलें?’ असें विचारतात. पहिला वाचक घरांतच मिळूं नये, आणि मग परक्या शहरांतील पहारेकऱ्याला वेळ नाहीं म्हणून रडावें, हा कोठला न्याय?

आमची एक माजी विद्यार्थिनी गेलीं पांच वर्षें एक इंग्रजी कादंबरी लिहीत होती. साताऱ्याकडील एका वाड्याची वाटणी हा तिचा विषय. पहिलीं पन्नास पानें वृद्ध आजी माजघरांत बसून तांब्या-पितळेचीं भांडीं मोजते, आणि प्रत्येक भांड्यामागें एकेक माणूस उभें राहतें. शब्द १,४०,०००. दक्षिणा घेणाऱ्या एका सल्लागारानें तिला सांगितलें कीं, आजी पहिल्याच पानावर मेली पाहिजे, शब्द ९०,००० वर आले पाहिजेत, आणि समासांत कांहीं कमतरता आहे. तिनें तिन्ही गोष्टी केल्या. प्रत अशी निर्दोष झाली कीं, तिच्यावर फूटपट्टी ठेवावी. मग ती अकरा एजंटांकडे गेली. दोघांचे दोन ओळींचे नकार आले; उरलेल्यांकडून, आजकालच्या रीतीप्रमाणें, कांहींच आलें नाहीं, आणि कांहींच न येणें हाच नकार समजावयाचा असतो. गेल्या महिन्यांत ती आमच्याकडे आली ती एकच प्रश्न घेऊन: टाइम्स न्यू रोमनऐवजीं कूरियर वापरलें असतें तर?

आम्हीं तिला मांडणीचें काम अर्ध्या तासाचें आहे, तें अर्ध्या तासांत उरकावें आणि त्याविषयीं पुन्हां बोलूं नये, असें सांगितलें. आणि कापण्यापूर्वींची प्रत मागविली. प्रत सदोष आहे. ओळी दाट, समास आंखूड, पृष्ठांक मधूनच गळलेले. त्या सदोष प्रतीच्या त्रेचाळिसाव्या पानापर्यंत आम्ही काल रात्रीं आलों. आजीचीं भांडीं अजून मोजून व्हावयाचीं आहेत, आणि धाकट्या जावेनें लपविलेला तांब्याचा हंडा कोणाच्या वाट्याला जातो हें कळल्याशिवाय आमच्याकडून तें पुस्तक खालीं ठेववणार नाहीं.